माशीतली खोट

हिवाळ्यात आमच्या गावात कुणी माशा मारत बसत नाही, बांधत बसतं. नखाएवढ्या गळाला रेशमाचा धागा गुंडाळायचा, वर कोंबड्याच्या पिसाचे चार केस बसवायचे, की झाली माशी. पाण्यात पडली की ट्राउट माशाला ती ओढ्यावरचा किडा वाटते आणि तो फसतो. एवढ्यासाठी मोठमोठे बापे उन्हाळाभर गार पाण्यात उभे राहतात आणि त्यांना शहाणं म्हणायची इथे पद्धत आहे. मी गावातला बार चालवते. या शहाण्यांच्या गप्पा ऐकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. दर पेल्याला मासा वीतभर वाढतो, एवढंच मला त्यातलं कळलं.

पण बेनिल्देच्या माशांची गोष्ट वेगळी होती, हे माझ्यासारखीलाही कबूल करावं लागतं. तिचं घर माझ्या बारच्या अगदी समोर. नोव्हेंबर लागला की तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी सरकायची, ती वसंत येईपर्यंत तिथून हलायची नाही. रेशीम भिजलं की गडद होतं, म्हणून धागा निवडताना ती तो आधी ओठात धरून ओला करायची आणि उजेडात बघायची. मग दुसरा, मग तिसरा. पिसं तिच्याच कोंबड्यांची. आमच्या कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यातल्या कोंबड्यांच्या पिसांना जी चमक असते ती डोंगरापलीकडे नेलेल्या कोंबड्यालाही राहत नाही, असं आमच्याकडे सगळे छातीठोकपणे सांगतात. चंद्र उतरता असताना, थंडीच्या भरात, कोंबडा दोन गुडघ्यांत धरून ती पाठीवरची पिसं उपटायची. कोंबडा ओरडायचा, बेनिल्दे त्याची माफी मागायची, आणि पुढच्या वर्षी दोघं पुन्हा तेच करायचे.

या माशा ती बांधायची नवऱ्यासाठी. उर्सिसिनो जन्मभर कोळशाच्या खाणीत होता. त्याच्या छातीत निम्मी खाण साठली होती आणि बोटं कधी दगडाखाली, कधी कोळसागाडीच्या डब्याखाली चेंगरून वाकडी झाली होती. बारीक काम त्याला जमायचं नाही. पण मासेमारीचं वेड दांडगं, तेही फक्त फोर्निल्योवर. फोर्निल्यो म्हणजे गावामागून डोंगरात चढत गेलेला ओढा, एका उडीत ओलांडावा एवढासा. त्यावर दोन माणसं गेली तर मासे दगडाखाली दडतात, त्यामुळे जायचं ते एकट्यानेच. आणि बेनिल्देने बांधलेल्या माशीशिवाय दुसरी माशी त्याने आयुष्यात दोराला लावली नव्हती. कुणी दिलीच तर म्हणायचा, "परक्या बाईच्या माशीने धरलेला मासा मला पचत नाही."

आदल्या वर्षी मे महिन्यात तो ओढ्यात पडला. पाय दोन दगडांत अडकला आणि बर्फाचं पाणी छातीवरून वाहत राहिलं. फ्रोइलान धनगराचा कुत्रा भुंकला नसता तर तिथेच संपला असता. खाली आणला तेव्हा त्याचा चेहरा शिशाच्या रंगाचा झाला होता. डॉक्टरांनी बेनिल्देला बाजूला घेऊन सांगितलं की छाती गेलेली आहे, हृदयही थकलंय, असं गार पाणी पुन्हा एकदा अंगावर आलं तर माणूस हाती लागायचा नाही. हेच त्यांनी उर्सिसिनोलाही सांगितलं. रविवारी चर्चमध्ये पाद्र्याचं ऐकतात तसं त्याने ते ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाला, डॉक्टरला पोहता येत नाही वाटतं.

त्या हिवाळ्यात बेनिल्देचा जीव टांगणीला लागला होता. दुकानात भेटली तरी तेच, चुलीवर लसणाचं सूप ढवळत असली तरी तेच. मला म्हणायची, "ओनोरिना, एकेक माशी बांधते ना, तर वाटतं मीच त्याला हाताने वर ढकलतेय." रात्री त्याचा श्वास घरघरला की ती उठून बसायची, आणि थांबला की आणखीच घाबरायची. अंगावरचे कपडे सैल होऊ लागले.

तिने करून बघितलं नाही असं नाही. आधी त्याचे पाण्यात घालायचे बूट कोंबड्यांच्या खुराड्यात लपवले. त्याने ते शोधून काढले, झटकले, चरबी लावून मऊ केले आणि तिच्याच खुर्चीखाली आणून ठेवले. "बूट उबवायला बसवले होतेस का?" एवढंच विचारलं. मग तिने सरळ सांगून टाकलं की यंदा मी माशा बांधणार नाही. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. खिडकीशी जाऊन बसला, रस्त्याकडे बघत. जेवण समोर आलं की दोन घास खायचा आणि ताट सारायचा. बारमध्ये पत्ते खेळायला यायचा तेही बंद झालं. खाण बंद झाली त्या वर्षीही तो असाच बसला होता आणि तेव्हा त्याला माणसांत आणायला किती जड गेलं ते बेनिल्दे विसरली नव्हती. शेवटी एका सकाळी त्याने तिला विचारलं, "मग आत्ताच पुरलं म्हण ना मला. खड्ड्याला माणसं बोलावू?" बेनिल्देने रेशीम आणि पिसं बाहेर काढली. तिची खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली.

म्हणजे अडवायचं तर त्याचा जीव जातो, सोडायचं तरी जातो. याच कोंडीत तिला ती युक्ती सुचली, आणि ती सांगायला ती भर दुपारी बारमध्ये आली. मी कांदे चिरत होते. फ्रोइलानचा एक म्हातारा कोंबडा उबदार गोठ्यात राहून मेला होता. त्याची पिसं तिने मागून घेतली होती. मेलेल्या, उबेत राहिलेल्या कोंबड्याचं पीस कोरडं असताना साजरं दिसतं, पण पाण्यात गेलं की लोळागोळा होऊन गळाला चिकटतं. त्यात धागाही एका छटेने गडद लावायचा. अशी माशी पाण्यात पडली की ट्राउट जवळ येतो, बघतो आणि निघून जातो. "एक दिवस, दोन दिवस, चार दिवस रिकामा येईल," ती म्हणाली. "मग कंटाळेल. आपणहून सोडेल. माझ्यावर राग नाही, त्याच्यावर जबरदस्ती नाही."

मला ती युक्ती फार आवडली. मी तिला त्या आनंदात एक पेला पाजला. पातेलं रिकामं दिसलं की माणूस पाटावरून उठतो, हा आम्हा दोघींचा हिशेब. आम्ही दोघींनी जन्मात कधी गळ पाण्यात टाकला नव्हता, आणि इथेच माशी शिंकली.

खोटी माशी बांधणं बेनिल्देला सोपं गेलं असेल असं समजू नका. खरी माशी तिची बोटं झोपेतही बांधतील. पण ही वाईट तर हवी आणि वाईट दिसायला तर नको. तिचा हात ऐकायचा नाही. धागा ओठात धरला की जीभच सांगायची, हा नव्हे. तिला नेमका तोच घ्यावा लागायचा. एकदा मी गेले तेव्हा ती रडत होती आणि बांधत होती. तिला स्वतःची लाज वाटत होती. आईने शिकवलेलं काम, आणि मी त्यात विष कालवतेय, म्हणाली. मी म्हटलं, विष नाही गं, औषध आहे. कडू असतंच.

एप्रिलच्या तोंडावर माशा पुऱ्या झाल्या. उर्सिसिनोने त्या खिडकीशी नेल्या, एकेक दोन बोटांत धरून उजेडात फिरवली. बेनिल्दे चुलीकडे तोंड करून उभी होती. त्याने बराच वेळ बघितलं. मग तो तिच्याकडे आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, छान झाल्यात. असं तो पूर्वी कधी म्हणत नसे. नुसताच माशा खिशात घालून शिट्टी वाजवायचा. बेनिल्देने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघींनी जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला. ताकास तूर लागू दिली नाही, असं आम्हाला वाटलं.

मासेमारीवरची हिवाळी बंदी उठली त्या सकाळी आभाळ राखेसारखं होतं. वरच्या कड्यांवर बर्फ तसाच. उर्सिसिनो पाव आणि धुरावलेलं मांस खिशात घालून निघाला. बेनिल्दे दारात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली, आणि मग माझ्याकडे आली. बसेना. खुर्चीवर टेकायची, उठायची, दारात जायची. मी तिला वाटाणे सोलायला दिले तर शेंगा भांड्यात आणि दाणे जमिनीवर. दरवर्षी पहिल्या दिवशी तो जेवणाच्या वेळेला चार मासे घेऊन परत येई आणि ते मला दाखवल्याशिवाय घरी जात नसे. यंदा रिकामा येणार, चिडलेला येणार, म्हणून मी त्याच्यासाठी द्राक्षाची दारू काढून ठेवली होती.

जेवणाची वेळ झाली. गेली. तो आला नाही.

"दमला असेल, सावकाश उतरत असेल," मी म्हटलं. बेनिल्देने मान हलवली, पण ती ऐकत नव्हती. दुपार कलायला लागली तसा तिच्या ओठांचा रंग उडाला. तेवढ्यात फ्रोइलान मेंढ्या मागे ठेवून तंबाखू घ्यायला आला. त्याला विचारलं तर म्हणाला, हो, बघितला की. पार वर, जुन्या मेंढवाड्याच्याही वर, बर्फाचं पाणी उतरतं त्या डोहात उभा होता. इतक्या वर तर तो कधीच जात नाही. "मी म्हटलं, अरे बाबा, घरी जा, ओठ निळे पडलेत तुझे. तर म्हणतो, एक तरी मिळू दे, रिकाम्या हाताने नाही जायचं. पहाटेपासून एकही लागला नाही म्हणे."

बेनिल्देने माझ्याकडे बघितलं. मी कित्येक मयतींना गेले आहे, पण असा चेहरा पाहिलेला नाही. ज्याला मासा मिळाला तो घरी येतो. ज्याला मिळत नाही तो पुढच्या डोहाकडे जातो, मग त्याच्या पुढच्या. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आम्हा दोन शहाण्यांनाच ते ठाऊक नव्हतं.

"मीच पाठवलं त्याला तिथे," ती म्हणाली, आणि एप्रन सोडायचंही भान न ठेवता निघाली.

मी फ्रोइलानला बार सांभाळायला सांगितलं, म्हणजे बाटल्यांचं काय होणार हे मला माहीत होतं, आणि घोंगडी घेऊन तिच्यामागे धावले. त्या ओढ्याची वाट म्हणजे नुसते निसरडे दगड आणि काटेरी झुडपं. बेनिल्दे त्या वाटेने पूर्वी कधी चढली नव्हती. ती पडली, उठली, हात फाटला, थांबली नाही. प्रत्येक डोहाशी आधी पाण्यात बघायची, मग काठावर. मीही बघत होते आणि काही दिसू नये म्हणून देवाला विनवत होते. दोन-तीनदा तिने हाक मारली. उत्तर आलं नाही, पण ओढ्याचा आवाजच एवढा होता की आलं असतं तरी ऐकू आलं नसतं. मेंढवाडा मागे पडला. उजेड उतरणीला लागला.

तो वरच्या डोहात होता. उभा होता. मांडीपर्यंत पाण्यात, गळाची काठी हातात, आणि दोर टाकायचं थांबला नव्हता. पण हात इतका थरथरत होता की दोर समोर न जाता त्याच्याच पायाशी पडत होता. आम्ही दोघींनी पाण्यात उतरून त्याला ओढून काढलं. बूट काढले, घोंगडीत गुंडाळला, मी त्याचे पाय माझ्या पोटाशी धरले. बराच वेळ त्याचे दात एकमेकांवर आपटत राहिले. मग हळूहळू तोंडावर माणसाचा रंग आला.

आणि तो रंग आला तशी बेनिल्देची भीती रागावर उलटली. ती त्याच्यावर ओरडली. एकही मासा लागत नाही, हे दिसत होतं ना? मग सकाळीच घरी यायला काय झालं होतं? कुणासाठी मरत होतास इथे, एका ट्राउटसाठी?

उर्सिसिनो घोंगडीत तोंड खुपसून बसला.

"रिकामा आलो असतो तर तुला कळलं असतं," तो म्हणाला.

"काय कळलं असतं?"

"तुझे डोळे गेलेत ते." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "त्या दिवशी खिडकीत माशा बघितल्या तेव्हाच समजलो मी. रंग चुकलाय, पीस मेलेलं आहे. तुझ्या हातून अशी माशी कधी झाली नव्हती. म्हटलं, बिचारीला दिसेनासं झालंय आणि तिला ते ठाऊकही नाही. एक तरी मासा तुझ्या माशीने धरून न्यायचा होता मला. म्हणजे तुला वाटलं असतं, सगळं पूर्वीसारखंच आहे."

बेनिल्देचं तोंड उघडं राहिलं. मी तिच्याकडे बघत होते. खरं काय ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. डोळे शाबूत आहेत रे माझे, मीच तुला फसवलं, असं ती आता म्हणणार, हे मला दिसत होतं. आणि तसं म्हणाली असती तर तो हसला असता, चिडला असता, आठवडाभर बोलला नसता. मग तिने चांगल्या माशा बांधल्या असत्या, आणि तो त्या घेऊन पुन्हा इथेच आला असता. हे सगळं तिनेही बघितलं असणार. तिने तोंड मिटलं.

"हो रे," ती म्हणाली. "बारीक काही दिसत नाही आता. तुला कसं सांगू कळेना."

उर्सिसिनोने तिचा फाटलेला हात हातात घेतला आणि तो लहान मुलासारखा रडला. मग उठला, गळाच्या काठीचे जोड सोडवले, फडक्यात गुंडाळले. "पुरे झालं मग," म्हणाला. परत उतरताना तो पुढे चालला, आणि प्रत्येक दगडाशी थांबून मागे हात द्यायचा. इथे पाय ठेव, इथे निसरडं आहे, असं तिला सांगत होता. ती त्याचा हात धरून चाचपडत उतरली.

त्यानंतर तो फोर्निल्योवर गेला नाही. दुसऱ्याची माशी तो लावणार नव्हता, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. बेनिल्देने गळ, रेशीम, पिसं सगळं आवरून माळ्यावर टाकलं. लेऊन शहरातून माणसं तिच्या माशा मागायला यायची, त्यांना उर्सिसिनोच दारातून हळू आवाजात सांगून परत पाठवायचा. गावभर झालं, बेनिल्देची नजर गेली. बायका तिच्याशी मोठ्याने बोलू लागल्या, जणू कानही गेले.

भीती मात्र तिची संपली नाही, नुसती जागा बदलून बसली. आता ती सारखी स्वतःवर पहारा ठेवते. मसुरीत खडा दिसला तर काढायचा नाही. रस्त्यापलीकडून कोण येतंय ते ओळखायचं नाही, जवळ येऊ द्यायचं. मुलगा बिल्बाओहून आला आणि तिला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. भिंतीवरची अक्षरं तिने एकूण एक चुकीची वाचली. डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा दिला. घरी आल्यावर उर्सिसिनोने स्वतः तो तिच्या नाकावर बसवला. आता चष्मा लावला की तिला खरोखरच काही दिसत नाही. उर्सिसिनो समोर असला की ती चष्मा लावून बसते. माझ्याकडे आली की काढून खिशात ठेवते आणि डोळे चोळते. मी कधीकधी चिडते. म्हणते, सांगून टाक त्याला, आता तो काय वर जाणार आहे? ती म्हणते, "त्याचं काय सांगावं?"

उर्सिसिनो बरा आहे. खोकतो, पण जेवतो, पत्ते खेळतो, हरला की भांडतो. बायकोला सांभाळायचं काम त्याला मिळालंय. परवा दोघं बारमध्ये आले होते, तिच्या कोटाचं बटण तुटलं होतं. मी सुईदोरा पुढे केला तर उर्सिसिनोने तो माझ्या हातून घेतला. म्हणाला, तिला कुठे दिसतंय, मी ओवून देतो. ती वाकडी बोटं, तो दोरा. नेढ्याच्या कडेवरून जायचा, दुमडायचा, दोन धागे होऊन फाटायचा. तो पुन्हा चाटायचा, पुन्हा वळायचा. बेनिल्दे समोर बसली होती, चष्मा लावून, हात मांडीखाली दाबून. बोटं आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून तिने ते दाबले होते, हे मला दिसत होतं. माझी कॉफी गार झाली. शेवटी दोरा एकदाचा ओवला गेला आणि त्याने सुई विजयी मुद्रेने तिच्यासमोर धरली. बेनिल्देने हात पुढे करून ती हवेत जरा चाचपडली, मग धरली.

"तू नसतास तर माझं काय झालं असतं रे," ती म्हणाली.